तीनास एक

पोलोग्राउंडच्या मागच्या गल्लीत, शेड नंबर अकरा,
आबांचं पिलर ड्रिल
माझ्याहून चार वर्षांनी मोठं.
पट्टा सगळ्यात सावकाश जोडीवर चढवला तरी
मिनिटाला साडेचारशे फेरे.
लाकडाला चालतं, पितळ निभावून नेतं,
पण स्टेनलेसच्या फ्लँजला पंचवीस मिलीचं भोक म्हटलं
की आधी किंचाळी, मग धूर,
मग धार निळी.

त्या मार्चात तीन ड्रिलं जळली.
आबांना किंचाळी ऐकू येत नाही आता.
ते खांबावर तळहात टेकून उभे राहतात
आणि तवा लागावा तसा
झटकन काढून घेतात.
"हात राखून दाब, शरयू," एवढंच.
हात मी राखतेच हो.
फेरे कोण राखणार?

सियागंजापलीकडे, भंगाराच्या ओळीत,
नसीरभाईंच्या ढिगात तळाशी तो होता,
शेवेच्या कारखान्यातून निघालेला गिअरबॉक्स.
"सोलह साल आटा गूँथा है इसने दीदी,
एक दाँत नहीं टूटा."
झाकण काढून पाहिलं. खरंच नव्हता तुटला.
तीनास एक. हवा तेवढाच.
बाहेरच्या खाचांतून बेसन दगड होऊन बसलेलं.
रॉकेलनं तीनदा धुतला.
बेसन गेलं. हिंग नाही गेला.

मग चार रविवार.
बारा मिलीची पाटी, तिला लांबट भोकं,
मोटरचा शाफ्ट एकोणीस, ह्याचं तोंड चोवीस,
मधली बुश लेथवर काढली, चावी कानशीनं घासली,
घासली, बसवली, काढली, पुन्हा घासली.
हा जन्मभर आडवा पडून काम केलेला,
मी त्याला उभा केला,
तर श्वास घ्यायचं भोक खाली गेलं
आणि सगळं तेल माझ्या चपलांवर.
बुचांची अदलाबदल केली.
आबा स्टुलावर, चष्मा कपाळावर:
"दुसऱ्याचं आतडं घालतेस त्याच्या पोटात.
मानवेल का?"

बटण दाबलं.
मानवलं, पण उलटं फिरलं.
ड्रिल नुसतं लोखंड पुसत बसलं,
भेरू हसून हसून वाइसला टेकला.
दोन चाकं भिडली की दुसरं उलटंच जाणार,
हे मला सहावीत
दोन नाण्यांच्या कडा एकमेकींवर फिरवून
ह्या स्टुलावरच्या माणसानंच दाखवलं होतं.
तोही हसत होता. त्याला आधीच दिसलं असणार.
म्हाताऱ्यानं सांगितलं मात्र नाही.

मेन बंद. मोटरच्या दोन तारा इकडच्या तिकडे.
पुन्हा बटण.

चकवरची खडूची खूण
पहिल्यांदाच डोळ्यांना सापडू लागली.
भेरूनं ब्रशनं तेल सोडलं.
मी दांडी ओढली, थोडी, मग आणखी थोडी,
आणि दोन्ही धारांतून निघाल्या
दोन कुरळ्या बटा, न तुटता,
गव्हाच्या काडाच्या रंगाच्या,
टेबलावरून माझ्या मनगटापर्यंत.
आबा उठले. खांबावर तळहात ठेवला.
थांबले. काढला नाही.
माझ्याकडे पाहून जरा वैतागूनच म्हणाले,
"अगं, चालू कर की."

तोवर मी निम्म्याहून खाली गेले होते.

मी काही बोलले नाही, बोट दाखवलं.
त्यांनी वाकून भोकात पाहिलं,
मग हाताकडे, जणू
त्यानंच काहीतरी लपवलं होतं.

खालचं सील अजून गळतं.
रात्रीतून एक थेंब, कधी दोन.
दांडी तुटलेला चहाचा कप लावलाय खाली,
शनिवारी रिकामा करते.
आणि बारा-साडेबारापर्यंत अंग तापलं
की शेजारच्या वेल्डिंगवाल्या शेडमधून कुणीतरी
हमखास ओरडतं:
"भिया, सेव कौन तल रिया है?"